बेडकाच्या कातडीचा स्राव दर वेळी ‘खराब’ होतोय? पेप्टाइड कोण कापतंय ते आधी शोधा

मिरगाचा पाऊस झाला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे ओढे भरले, की पुढच्या महिनाभरात मला हा प्रश्न हमखास येतो. कधी बेळगावातल्याच कुणा एमएस्सीच्या पोराकडून, कधी धारवाडहून, मागं एकदा निपाणीच्या मुलीकडून. "ताई, बेडकाचा स्राव घेतला, त्याच दिवशी प्लेटवर झकास झोन आला, आठवड्यानं तोच सँपल परत लावला तर काहीच नाही, एचपीएलसीला पण मोठा पीक गेलाय, काय चुकलं असंल?" (झोन म्हणजे प्लेटवर बॅक्टेरिया मेल्यामुळं पडलेला मोकळा गोल. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारं मशीन, त्याचा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम आणि त्यातला उंचवटा म्हणजे पीक.) प्रत्येकाला वेगळं वेगळं लिहिण्यापेक्षा आता एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते, कारण यात माझे स्वतःचे दोन पावसाळे गेलेत आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे नको तेवढ्या बेडकांना त्रास झालाय. तुमच्याकडून ते होऊ नये एवढीच इच्छा आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. तुमचा सँपल सडत नाही, शिळा होत नाही, त्यातले पेप्टाइड, म्हणजे बॅक्टेरिया मारणाऱ्या अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळ्या, कापले जातात. आणि कापणारी कात्री बाहेरून येतेच असं नाही, ती बऱ्याचदा त्याच थेंबात असते.

बेडकाच्या कातडीत दोन तऱ्हेच्या ग्रंथी मुख्य असतात, एक बुळबुळीत म्यूकस सोडणाऱ्या आणि दुसऱ्या ग्रॅन्युलर. या ग्रॅन्युलर ग्रंथी म्हणजे भरलेल्या पिशव्याच समजा, भोवती स्नायूंचा पातळ थर, बेडूक घाबरला किंवा आपण नॉरॲड्रेनलिन, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात सुटणारं संप्रेरक, दिलं की तो थर आवळतो आणि पिशवी पिळल्यासारखी आतलं सगळं एकदम बाहेर येतं. सगळं म्हणजे सगळं, नुसते आपल्याला हवे असलेले पेप्टाइड नाहीत तर त्यांच्यासोबत प्रोटीन कापणारे एन्झाइम पण, ज्यांना आपण प्रोटीएज म्हणतो. त्यातले काही एन्झाइम पेप्टाइड तयार करायलाच लागतात, कारण पेप्टाइड आधी लांब साखळीत बनतो, पुढं सिग्नल, मग ॲसिडिक तुकडा, मग बहुतेक वेळा लायसिन-आर्जिनिन अशी जोडी आणि त्यानंतर खरा पेप्टाइड, म्हणजे त्या जोडीपाशी कुणीतरी कापल्याशिवाय तो सुटा होतच नाही. पण काही एन्झाइम असे आहेत की तयार झालेला पेप्टाइड बाहेर आल्यावर त्याचे परत तुकडे करतात, आणि आपली सगळी डोकेदुखी तिथंच आहे.

हे काही नवीन नाही. 1987 साली मायकेल झासलॉफ यांनी झेनोपस या आफ्रिकन बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन काढलं. ऑपरेशन केलेले बेडूक साध्या, स्टराइल नसलेल्या पाण्यात ठेवले तरी जखमा चिघळत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून ते शोधत गेले. मॅगेनिन-2 म्हणजे 23 अमिनो ॲसिडची छोटी साखळी. पुढं 1991 मधे त्यांच्याच गटानं झेनोपसमधला एक एन्झाइम दाखवला जो पेप्टाइडचा हेलिक्स, म्हणजे गुंडाळलेला आकार, ओळखतो आणि लायसिनच्या बरोबर आधी कापतो. म्हणजे ज्या आकारामुळं पेप्टाइड बॅक्टेरियाला भोक पाडतो त्याच आकारावर हा एन्झाइम धावून येतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या बिघडलेल्या सगळ्या क्रोमॅटोग्रामचा अर्थ एकदम लागला.

आपल्याकडंही हे महत्त्वाचं आहे. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाचं वर्णन 2015 साली पुण्यातल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर केलं, आणि त्याच जातीच्या केरळमधल्या बेडकांच्या कातडीतून 2017 साली उरुमिन नावाचा पेप्टाइड समोर आला, जो एच-1 गटाचे फ्लूचे व्हायरस मारतो. उरुमी म्हणजे केरळमधली पट्ट्यासारखी वाकणारी तलवार, त्यावरून ते नाव. आपल्या घाटातले बेडूक असं काही देऊ शकतात म्हणूनच सँपल असा हातातून जाणं जिवाला लागतं.

आता शोधायचं कसं. सगळ्यात आधी हे बघा की पेप्टाइड खरंच कापला गेलाय की ट्यूबला चिकटून बसलाय, कारण हे पेप्टाइड पॉझिटिव्ह चार्जचे असतात, काचेला आणि पॉलिस्टायरीनला जाम चिकटतात आणि पातळ सोल्यूशन असलं तर अर्धा माल भिंतीवरच राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. जुना आणि ताजा क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवा. मोठा पीक कमी झाला आणि कुठंच नवीन पीक आला नाही तर चिकटलाय, लो-बाइंड पॉलिप्रोपिलीनच्या ट्यूब वापरा, सोल्यूशन थोडं ॲसिडिक ठेवा, अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. पण मोठा पीक कमी होऊन त्याच्या अलीकडं, म्हणजे लवकर बाहेर पडणारे, छोटे छोटे पीक उगवले असतील तर कापाकापी चालू आहे. दोन्ही एकदम पण होतं, तेव्हा घाई करू नका.

जेलवरून (विजेच्या जोरावर प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणारा जेलीचा थर) निष्कर्ष काढणारे बरेच जण इथं फसतात. साध्या ट्रिस-ग्लायसिन जेलवर दोन-तीन किलोडाल्टनचा (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) पेप्टाइड दिसतच नाही, डायच्या पुढं पळतो नाहीतर डीस्टेन करताना धुऊन जातो, आणि मग पोरं म्हणतात पेप्टाइड कापला गेला. ट्रिस-ट्रिसिन जेल लावा आणि नीट फिक्स करा. वरच्या बाजूला जो धुरकट लांबलचक डाग दिसतो तो बऱ्याचदा म्यूकसचा असतो, तुकड्यांचा नव्हे. आणि एक बारीक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती: सँपल बफर घालून ट्यूब टेबलवर ठेवून चहाला जाऊ नका. त्या बफरमधलं एसडीएस, म्हणजे प्रोटीन उलगडणारा साबण, पडल्यावर बाकीची प्रोटीनं उलगडतात पण काही प्रोटीएज थोडा वेळ तग धरून राहतात, त्यांच्यासमोर सगळं ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. बफर घातला की लगेच 95 डिग्रीला.

सँपलचा रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला म्हणूनही काही जण घाबरून विचारतात. तो रंग बहुतेक वेळा नॉरॲड्रेनलिनचा असतो, हवेत आणि उजेडात ते ऑक्सिडाइझ होतं. त्याचा कापाकापीशी संबंध नाही, बाटली फॉइलमधे गुंडाळा आणि सोल्यूशन त्याच दिवशी ताजं करा.

कापणं नक्की झालं की मग खरा प्रश्न, कोणत्या जातीचा एन्झाइम आहे. इथंच सगळे अंदाजावर जातात आणि इथंच चुकतं. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं, लॅबमधे प्रोटीएज इनहिबिटर कॉकटेलच्या, म्हणजे प्रोटीएज अडवणाऱ्या रसायनांच्या मिश्रणाच्या, गोळ्या होत्या, एक गोळी टाकली आणि निर्धास्त झाले. सँपल तरी कापला गेलाच. दुसऱ्यांदा दोन गोळ्या. तरी तेच. सर म्हणाले बाटलीवरचं लेबल वाच आधी. वाचलं तर त्यावर लिहिलेलं, ईडीटीए-फ्री, म्हणजे धातू पकडून ठेवणारं ईडीटीए त्यात नव्हतंच. म्हणजे ते कॉकटेल सेरीन आणि सिस्टीन जातीचे प्रोटीएज अडवत होतं, पण झिंकवर चालणारे मेटॅलोप्रोटीएज मोकळेच. आणि झेनोपसमधला तो हेलिक्स ओळखणारा एन्झाइम नेमका त्याच मेटॅलो जातीचा. तुमच्या लॅबमधली बाटली आत्ता उठून बघा, बऱ्याच ठिकाणी ईडीटीए-फ्रीच असते कारण ती प्रोटीन शुद्ध करायच्या निकेल कॉलमसाठी मागवलेली असते.

जात ओळखायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जिलेटिन झायमोग्रामचा, म्हणजे जिलेटिन घातलेल्या जेलचा, एन्झाइम जिथं जिलेटिन खातो तिथं पांढरी फट दिसते. जेल ओततानाच त्यात मिलिलिटरला 1 मिलिग्राम जिलेटिन मिसळायचं. सँपल उकळायचा नाही, मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, जेल थंडीत चालवायचं, मग 2.5 टक्के ट्रायटन एक्स-100 मधे अर्धा अर्धा तास दोनदा धुवायचं म्हणजे एसडीएस निघून एन्झाइम परत शुद्धीवर येतात. एकच सँपल तीन लेनमधे घातलेला असतो, त्या लेन ब्लेडनं वेगळ्या करून तीन डब्यांत ठेवा. एका डब्यात कॅल्शियम घातलेला ट्रिस बफर, दुसऱ्यात कॅल्शियम न घालता 10 मिलिमोलर ईडीटीए, तिसऱ्यात कॅल्शियमसोबत पीएमएसएफ, म्हणजे सेरीन प्रोटीएज अडवणारं रसायन. रात्रभर 37 डिग्री. सकाळी कूमासी, म्हणजे प्रोटीन निळं रंगवणारा डाय.

माझी ती सकाळ मला अजून आठवते. बाहेर धो धो पाऊस, लाइटबॉक्सवर तीन पट्ट्या ठेवल्या, सगळं निळं, आणि पहिल्या पट्टीत नखाएवढ्या रुंदीच्या दोन पांढऱ्या फटी, जणू कुणी निळ्या कापडाला धारदार पात्यानं चिरलंय. तिसऱ्या पट्टीत, पीएमएसएफवाल्या, वरची फट गेली होती पण खालची तशीच. दुसऱ्या पट्टीत ईडीटीएमुळं खालची गेली, वरची राहिली. म्हणजे दोन कात्र्या, दोन जातींच्या, आणि मी दोन वर्षं एकीलाच बांधत होते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. झायमोग्रामवर फक्त जिलेटिन कापणारे दिसतात. एखादा एन्झाइम तुमचाच पेप्टाइड कापत असेल आणि जिलेटिनला तोंड लावत नसेल तर जेल निळं राहील आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. म्हणून स्पाइक टेस्ट पण करा. माहितीतला सिंथेटिक पेप्टाइड, मॅगेनिन-2 मिळालं तर उत्तम, तुमच्या स्रावात मिसळा, रूम टेंपरेचरला ठेवा, 0, 5, 15 आणि 60 मिनिटाला थोडं थोडं काढून ॲसिडमधे टाकून थांबवा आणि एचपीएलसीला लावा. त्याच वेळी नुसत्या बफरमधे तोच पेप्टाइड ठेवायला विसरू नका, तो तुमचा कंट्रोल. मास स्पेक (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) हाताशी असेल तर तुकड्यांची टोकं वाचा, ते तर सहीच असते कापणाऱ्याची. तुकडे लायसिन किंवा आर्जिनिनवर संपत असतील तर ट्रिप्सिनसारखा सेरीन प्रोटीएज, आणि लायसिनपासून सुरू होत असतील तर झेनोपससारखा मेटॅलोवाला. सुरुवातीची दोन दोन अमिनो ॲसिडं जोडीनं उडालेली दिसली तर डायपेप्टिडिल अमिनोपेप्टिडेजचा विचार करा, झेनोपसच्या कातडीत तसाही एक आहेच.

अजून एक शक्यता राहते, ती म्हणजे कात्री बेडकाची नाहीच. कातडीवर बॅक्टेरिया असतात, स्यूडोमोनास, एरोमोनास वगैरे, ते स्वतःचे प्रोटीएज सोडतात, ओढ्याच्या पाण्यातून पण येतात. म्हणून बेडकाला आधी स्टराइल पाण्यानं हलकं धुवा, प्रत्येक बेडकाला नवीन हातमोजे, पावडर नसलेले. हातमोजे बदलणं बेडकासाठी पण तितकंच गरजेचं आहे, एकाचा बुरशीचा रोग आपल्या हातानं दुसऱ्याला लागू नये.

मग उपाय काय. सगळे म्हणतात इनहिबिटर घाला, आणि मी म्हणते आधी ॲसिड. इनहिबिटरचे घोळ बरेच आहेत. पीएमएसएफ पाण्यात टिकतच नाही, 25 डिग्रीला पीएच 7 वर साधारण 110 मिनिटांत निम्मं होतं, पीएच 8 वर 35 मिनिटांत, म्हणजे सकाळी बफरमधे घालून संध्याकाळी कणकुंबीत वापरलं तर नुसतं समाधान. स्टॉक आयसोप्रोपॅनॉलमधे ठेवा आणि वापरायच्या क्षणी घाला, विषारी आहे, हातमोज्याशिवाय शिवू नका. ईडीटीएचा घोळ वेगळाच, ते स्वतःच ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण ढिलं करतं, मग तुमचा ई. कोलायवरचा झोन पेप्टाइडचा की ईडीटीएचा हे कुणी सांगायचं? ॲप्रोटिनिन हा इनहिबिटर स्वतःच साडेसहा किलोडाल्टनचा आहे, जेलवर पट्टी म्हणून दिसतो आणि दोन जणांनी तो नवा पेप्टाइड समजून मला फोटो पाठवलेत. म्हणून इनहिबिटर हे जात ओळखायला ठेवा, सँपल वाचवायला ॲसिड.

आमची आताची पद्धत अशी आहे. वनखात्याची परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात असल्याशिवाय निघायचंच नाही, भीमगड अभयारण्याच्या हद्दीचं तर विशेष जपायचं. बेडूक स्वच्छ डब्यात थोड्या पाण्यात, स्राव सुटला की पंधरा मिनिटांच्या आत बेडूक बाहेर काढून धुऊन वेगळ्या ओल्या डब्यात, आणि तो बाजूला झाल्यावरच, परत सांगते, बेडूक बाजूला झाल्यावरच, पाण्यात टीएफए (ट्रायफ्लूरोॲसेटिक ॲसिड) घालायचं, शेवटी 1 टक्का होईल इतकं. ॲसिड त्याच्या अंगाला लागता कामा नये. बेडूक जिथं सापडला तिथंच, सावरल्यावर, परत सोडायचा. ॲसिड पडलं की पाणी किंचित गढूळ होतं, म्यूकस आणि मोठी प्रोटीनं गोळा होतात. ट्यूब लगेच बर्फात. बर्फ आम्ही जाताना खानापूरच्या बाजारातून घेतो, मासेवाल्यांकडं मिळतो, डबल थर्मोकोलच्या पेटीत ठेवला तर लॅबमधे पोचेपर्यंत छान टिकतो. लॅबमधे आल्यावर त्याच रात्री स्पिन, वरचं पाणी सी-18 कार्ट्रिजमधून (पेप्टाइड पकडून ठेवणारी छोटी नळी), 0.1 टक्के टीएफएनं धुवायचं आणि 70 टक्के ॲसिटोनायट्राइलनं काढायचं. उद्या करू म्हणून ठेवलेला सँपल मी कधीच वाचलेला बघितला नाही.

ॲसिडनंतरही कापलं जात असेल, क्वचित होतं, तर ॲसिडमधेच खूश असणारे प्रोटीएज असतात, ॲस्पार्टिक जातीचे, त्यांना पेप्स्टॅटिन लागतं. आमच्या सँपलमधे गरज पडली नाही.

आता फ्रीजर, कारण बेळगाव जिल्ह्यात पावसाळ्यातली निम्मी दुखणी इथली असतात. गोठवल्यानं एन्झाइम मरत नाही, झोपतो. वितळला की उठतो आणि कामाला लागतो. एका सीझनला आमचे सँपल दर सोमवारी वाईट यायचे, बाकी दिवस बरे. शेवटी लॅबमधल्या मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "होय की ओ मॅडम, रविवारी करंट जातंय की, दुपारी तीन-चार तास, आणि जनरेटर सुट्टीदिवशी कोण लावणार?" तीन महिने आम्ही बफर बदलत होतो आणि उत्तर मामांकडं होतं. तेव्हापासून फ्रीजरमधे एक युक्ती ठेवलीय, कपात पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे वितळून परत गोठलंय हे कळतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज तर सँपलला वापरूच नका, बर्फ साठू नये म्हणून तो स्वतःच मधून मधून आत गरम करतो.

आणि लायोफिलाइज केलं, गोठवून सुकवलं, म्हणजे सुटलो असंही नाही. कच्चा स्राव तसाच सुकवला तर पावडरमधे एन्झाइम पण सुकून शाबूत बसलेले असतात, तुम्ही सहा महिन्यांनी ती पीबीएस या खारट बफरमधे, पीएच 7.4 ला, विरघळवली की त्यांना पाणी मिळालं, हवा तो पीएच मिळाला, झालं. आधी ॲसिड, मग सी-18, मगच सुकवणं, आणि विरघळवताना पण 0.01 टक्के ॲसेटिक ॲसिडमधे. छोट्या छोट्या ट्यूब करा, एक ट्यूब एकदाच उघडायची.

निसर्गानं यावर स्वतः काढलेला उपाय मला फार आवडतो. दक्षिण अमेरिकेतल्या फायलोमेड्यूसा सॉव्हाजी बेडकातून 1981 साली डर्मॉर्फिन सापडलं, त्यात दुसऱ्या जागेवरचं ॲलानिन नेहमीचं एल नाही तर डी आहे, आरशातल्या उलट्या हातासारखं, नेहमीच्या प्रोटीएजला ते सहजासहजी पकडताच येत नाही. तुमचा एखादा पीक सगळ्या कापाकापीतही तसाच उभा राहत असेल तर त्याला कचरा समजू नका, नीट बघा, त्यात असलं काहीतरी असू शकतं.

एवढं सगळं करूनही त्रास होत असेल तर मला जरूर लिहा, फक्त नुसतं "सँपल खराब होतोय" असं लिहू नका. ताज्या आणि जुन्या सँपलचा क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवून, स्राव सुटल्यापासून ॲसिड घालेपर्यंत किती मिनिटं गेली, कॉकटेलच्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय, आणि नाणं कुठं होतं, हे पाठवा.